पाठ १४ : धैर्य म्हणजे नक्की काय?

(वाचनाआधी : तुमच्या मते धैर्यवान माणूस कोण? एका वाक्यात वहीत लिहा. मगच पुढे वाचा.)

सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या अथेन्स शहरात सॉक्रेटिस नावाचा तत्त्वज्ञ राहत होता. त्याने एकही पुस्तक लिहिलं नाही. तो लोकांशी बोलायचा आणि प्रश्न विचारायचा. त्याचे संवाद आपल्याला वाचायला मिळतात, ते मुख्यतः त्याचा शिष्य प्लेटो याच्यामुळे. त्यातल्या एका संवादाचं नाव आहे 'लॅकेस'.

लॅकेस हा अथेन्सचा सेनापती. मुलांना चिलखत घालून लढायला शिकवावं का, असा प्रश्न दोन वडिलांना पडला होता. लॅकेस आणि निकियास या दोन सेनापतींना त्यांनी सल्ला विचारला, पण दोघांचं एकमत होईना. तेव्हा सॉक्रेटिस म्हणाला, की आधी मुळाशी जाऊ. मुलांच्या अंगी धैर्य यावं असं वाटतं ना? मग धैर्य म्हणजे काय?

लॅकेसला हे अगदी सोपं वाटलं. जो आपली जागा सोडून पळत नाही, तो धैर्यवान!

सॉक्रेटिसने उलट उदाहरण दिलं. सिथियन घोडेस्वार मागे हटता हटता लढतात. ते काय भित्रे आहेत? शिवाय आजारपणात, गरिबीत, समुद्रावरच्या संकटातही धैर्य लागतंच की! तिथे कुठली जागा धरून उभं राहायचं?

लॅकेसने उत्तर बदललं : धैर्य म्हणजे मनाची चिकाटी. पण मूर्खपणाची चिकाटी चांगली असते का? बुडी मारायची कला येत नसताना कोणी विहिरीत उतरला, तर त्याला धैर्यवान म्हणायचं की वेडा? लॅकेस अडकला. धैर्य काय ते मनात कळतंय, पण शब्दांत पकडता येत नाही, म्हणून तो स्वतःवरच चिडला. मग निकियासने प्रयत्न केला. त्याचंही उत्तर टिकलं नाही.

गंमत बघा. इ.स.पू. ४२४ मध्ये डेलियमच्या लढाईत अथेन्स हरलं, तेव्हा लॅकेस आणि सॉक्रेटिस बरोबरच मागे फिरले होते. त्या वेळी सॉक्रेटिस कसा वागला, याचं कौतुक याच संवादात लॅकेस करतो. म्हणजे लॅकेसच्या पहिल्या उत्तराला बसत नाही असं उदाहरण त्याच्या समोरच बसलं होतं!

या तपासणीला ग्रीक भाषेत 'एलेंखोस' म्हणतात. शेवटी पुढची वाट दिसेनाशी होते, त्या अवस्थेला 'अपोरिया' म्हणतात. तुम्हाला वाटेल, उत्तर मिळालं नाही तर उपयोग काय? उपयोग आहे. आपल्याला जे येतं असं वाटत होतं, ते येत नाही हे कळलं, की खरा शोध सुरू होतो. संवादाच्या शेवटी सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भेटायचं ठरवतात.

पण असे प्रश्न सगळ्यांना आवडत नाहीत. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला झाला. तो तरुणांना बिघडवतो आणि शहराच्या देवांना मानत नाही, असे आरोप होते. त्याला विषाचा प्याला प्यावा लागला. पळून जायची संधी होती, तरी तो गेला नाही. आता सांगा, हे धैर्य होतं का? 'हो' म्हणालात, तर का?

शब्दार्थ
चिलखत – लढताना अंगावर घालायचं धातूचं संरक्षण
चिकाटी – न कंटाळता, न सोडता टिकून राहणं
तपासणी – बारकाईने पाहणं

स्वाध्याय
१. लॅकेसचं पहिलं उत्तर कोणत्या उदाहरणामुळे टिकलं नाही?
२. सुरुवातीला वहीत लिहिलेलं तुमचं वाक्य पुन्हा वाचा. त्यात न बसणारं एक उदाहरण शोधा आणि वाक्य सुधारून लिहा.
३. 'मित्र म्हणजे कोण?' हा प्रश्न घरी आईला, बाबांना किंवा आजीला मराठीत विचारा. उत्तर आलं, की प्रेमाने एक उलट उदाहरण द्या. लक्षात ठेवा, आपल्याला वाद जिंकायचा नाही, बरोबरीने शोधायचं आहे.