नदीकाठची सावड

नदी ज्या गावांजवळून वाहते, त्या सर्वांना ती एका नात्याने बांधते. वरच्या गावी पडलेला पाऊस काही वेळाने खालच्या गावाच्या वेशीशी येतो. मग त्या दोन गावांचे जिल्हे निराळे का असेनात. हे नाते इयत्ता चौथी-पाचवीच्या मुलांना परिसर अभ्यासाच्या तासाला आपल्याच भागातील उदाहरणाने समजावून द्यावे.

लेंडी नदी लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या बाजूचे पाणी घेऊन नांदेड जिल्ह्यातील मुखेड व देगलूर या तालुक्यांतून वाहते आणि पुढे मांजरेस मिळते. १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली. लेंडी प्रकल्पाच्या परिसरात सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस पडला. शिवाय उदगीरकडून व कर्नाटकातून पाण्याचा लोंढा आला. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली ही गावे पाण्याने वेढली गेली. एकट्या रावणगावात २२५ माणसे अडकून पडली. हसनाळ येथे काही ग्रामस्थांना प्राणास मुकावे लागले, गुरेही दगावली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाने बचावकार्य केले व छत्रपती संभाजीनगर येथून सैन्याचे पथकही निघाले.

२०६ मिलिमीटर म्हणजे किती पाणी, हे मुलांकडून गणिताने काढून घ्यावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी एक लिटर भरते. त्या हिशेबाने एका हेक्टरावर २० लक्ष ६० हजार लिटर पाणी पडले. आपली काळी जमीन एकदा भिजून फुगली, की तिच्या भेगा मिटतात व पाणी फारसे मुरत नाही. ते ओढ्यानाल्यांनी थेट नदीकडे धावते. म्हणूनच पूर इतक्या थोड्या वेळात चढतो.

शासनाची मदत कितीही तत्परतेने निघाली, तरी तिला वाट कापावी लागते. पहिल्या घटकेस धावून येणारा असतो तो शेजारीच. पाणी ओसरल्यावर तर कामाचा डोंगर उभा राहतो: घरांतील गाळ काढणे, मेलेली जनावरे पुरणे, विहिरीचे पाणी शुद्ध करणे, पंचनाम्यासाठी प्रत्येक घराचे नुकसान नीट सांगणे, खरडून गेलेल्या शेताचे बांध पुन्हा घालणे. ही कामे एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहेत.

आपल्या शेतकऱ्यांना यावरील उपाय पूर्वापार ठाऊक आहे. त्याचे नाव सावड. आज चार घरांनी मिळून एकाचे शेत उरकावयाचे, उद्या दुसऱ्याचे. सावडीत कोणी दाता नसतो व कोणी याचकही नसतो. प्रत्येकाची पाळी येते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने लातूर व शेजारच्या जिल्ह्यातील गावे जमीनदोस्त झाली, तेव्हा दूरदूरची माणसे मदतीस आली होती. अशा मदतीची फेड पुढच्या संकटात सापडलेल्या गावाला करावयाची असते. पूरग्रस्तांना साहाय्य करताना हीच समानतेची भावना असावी. घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये.

परंतु गाळ उपसण्याने गेलेला जीव परत येत नाही. यास्तव नदीकाठची सावड पाणी येण्यापूर्वीच सुरू झाली पाहिजे. वरच्या गावात ओढा पात्राबाहेर पडला, की खालच्या गावास तत्काळ निरोप गेला पाहिजे, आणि रात्री तो ऐकून सर्वांना जागे करणारी माणसे आधीच नेमलेली असली पाहिजेत. निरोपाला जिल्ह्याची सीमा आड येऊ नये.

वर्गात करावयाचे उपक्रम
१. गावच्या नदीचा किंवा ओढ्याचा नकाशा काढून वरची व खालची गावे दाखवावीत.
२. पूर्वीच्या पुराचे पाणी कोठवर आले होते, हे वडीलधाऱ्यांस विचारून नकाशात खूण करावी.
३. गावातील उंच व सुरक्षित जागा, तेथे जाण्याची वाट आणि ज्यांना उचलून न्यावे लागेल अशा वृद्ध व आजारी व्यक्तींची घरे यांची यादी करावी.
४. ही यादी व नकाशा ग्रामसभेपुढे मांडावा.