कोंबड्यांचं घर: ऊब कमी, हवा जास्त, जाळी बारीक

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६ डॉलर २३ सेंटपर्यंत चढला. तेव्हापासून "परसात चार-सहा कोंबड्या पाळल्या तर?" हा प्रश्न आपल्या गप्पांतही वरचेवर निघतो. कोंबड्या पाळणं तसं अवघड नाही. अवघड असतं ते त्यांचं घर. गावाकडे संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली झाकल्या किंवा खुराड्यात कोंडल्या की काम झालं. मिशिगनची उणे १५ अंशांची रात्र, ह्यूस्टनचा जुलै आणि कडी उघडणारा रॅकून यांच्यापुढे ते डालगं पुरत नाही. म्हणून या लेखात खुराड्यामागचं विज्ञान पाहू. ते कळलं की कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही, हे आपोआप ठरवता येतं.

कोंबडीला थंडी किती वाजते?

आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप कमी. कोंबडीच्या शरीराचं तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असतं. त्यावर पिसांची रजई असते. थंडीत पिसं फुलवली की त्यांच्यात हवा अडकते, आणि अडकलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. आपल्या जाड जॅकेटमध्ये पिसं भरतात ती याच गुणासाठी.

पिसं नसलेल्या जागा दोनच: डोक्यावरचा तुरा व गळ्याखालच्या लोळ्या, आणि पाय. पायांची काळजी कोंबडी स्वतःच घेते, ती दांडीवर बसून पाय पोटाखाली झाकते. आपण फक्त दांडी योग्य द्यायची. गोल बारीक काठीपेक्षा साधारण साडेतीन इंच रुंदीची सपाट पट्टी बरी, म्हणजे बोटं खाली वळून उघडी पडत नाहीत. एका कोंबडीला दांडीवर ८ ते १० इंच जागा लागते. दांडी अंडी घालायच्या पेटीपेक्षा उंच हवी, कारण कोंबड्या झोपायला सर्वांत उंच जागा शोधतात. पेटी उंच असेल तर त्या तिथेच झोपतात आणि सकाळची अंडी घाणीत सापडतात.

उंच जागेची ही ओढ जुनी आहे. कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. तो रात्री झाडावर बसतो. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडाही तसाच. बऱ्याच पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग ठरवणारं जनुक या राखी रानकोंबड्याकडून आलं आहे, असं २००८ मध्ये जनुकीय अभ्यासातून दिसलं. म्हणजे ओहायोतल्या परसातली पिवळ्या पायांची कोंबडी आपल्या घाटांशी दूरचं नातं सांगते.

थंडीपेक्षा ओल वाईट

मग हिवाळ्यात तुरे काळे का पडतात? बहुतेक वेळा थंडीच्या जोडीला ओल असते म्हणून. ओलसर कातडीवरून उष्णता लवकर निघून जाते, आणि गोठणबिंदूच्या खाली ती आधी गोठते.

ही ओल येते कुठून? कोंबड्यांतूनच. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. अंड्यात जातं त्यापैकी जेमतेम ४० ग्रॅम. उरलेलं बरंचसं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडतं. सहा कोंबड्यांचं मिळून दिवसाला लिटरभरापेक्षा जास्त होतं. त्यातली ३०० ग्रॅम वाफ रात्रीच्या १२ तासांत खुराड्यात सुटली असं धरू.

आता खुराडं ४ फूट बाय ६ फूट आणि ५ फूट उंच आहे असं समजा. म्हणजे आत सुमारे सव्वातीन घनमीटर हवा. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. म्हणजे साऱ्या खुराड्यातल्या हवेत मिळून १६ ग्रॅम. आणि आपल्याकडे आहेत ३०० ग्रॅम! उरलेल्या वाफेचं दव होणार, ते छतावर, भिंतींवर, भुशावर आणि तुऱ्यांवर जमणार.

यावर उपाय एकच, हवा बदलत राहणं. बाहेर उणे १० अंश आणि आत उणे ५ असेल, तर बाहेरची हवा घनमीटरमागे सुमारे २.२ ग्रॅम वाफ घेऊन आत येते आणि फार तर ३.३ ग्रॅम घेऊन बाहेर जाते. प्रत्येक घनमीटर हवा १.१ ग्रॅम ओल उचलते. ३०० ग्रॅमसाठी रात्रभरात सुमारे २७० घनमीटर हवा लागेल. म्हणजे खुराड्यातली सगळी हवा दर तासाला सात वेळा बदलायला हवी. उबेच्या काळजीने फटी बुजवलेल्या, प्लास्टिक गुंडाळलेल्या खुराड्यात हे होणं शक्य नाही.

"पण मग गारठा?" इथे हवा खेळणं आणि झोत लागणं यांतला फरक महत्त्वाचा. झरोके छताजवळ, दांडीवर बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा उंच, आणि शक्यतो समोरासमोरच्या दोन भिंतींवर ठेवा. ओलसर ऊबदार हवा वर चढते आणि तिथूनच निघून जाते. दांडीच्या पातळीवर मात्र फट नको, कारण तिथे वाऱ्याचा झोत पिसं उचकटतो आणि त्यांत अडकलेली हवा काढून घेतो.

परीक्षा सोपी आहे. सकाळी खिडकीच्या काचेवर आतून पाणी किंवा बर्फ जमलेला दिसला, तर झरोके कमी पडताहेत.

आणि हीटर? २५० वॅटचा लाल दिवा, खाली कोरडा भुसा, हवेत धूळ आणि पंख फडफडवणारे पक्षी, ही आगीचीच सामग्री आहे. दर हिवाळ्यात अशा दिव्यांमुळे खुराडी जळतात, आणि आग कधी घरापर्यंतही पोहोचते. धट्ट्याकट्ट्या मोठ्या कोंबड्यांना त्याची गरज नसते. वीज वापरायचीच तर पाणी गोठू न देणाऱ्या भांड्यासाठी वापरा. न गोठलेलं पाणी त्यांना दिव्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

नाकाला झोंबणारा वास

पक्षी नको असलेला नायट्रोजन युरिक ॲसिडच्या रूपात बाहेर टाकतात. विष्ठेवरचा पांढरा भाग तोच. ओल मिळाली की जिवाणू त्याचं विघटन करतात आणि अमोनिया सुटतो. तो डोळे चुरचुरवतो आणि श्वासनलिकेतली सूक्ष्म केसाळ आवरणं बिघडवतो. जंतूंना बाहेर ढकलण्याचं काम ही आवरणंच करतात. म्हणून दमट खुराड्यातल्या कोंबड्या आधी शिंकू लागतात आणि मग आजारी पडतात.

हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग ही कोंबड्यांसाठी सहसा वरची मर्यादा धरतात. मोजायला यंत्र नको. पहाटे दार उघडून कोंबड्यांच्या उंचीला वाका आणि श्वास घ्या. वास जाणवला तर भुसा बदला आणि झरोका वाढवा. लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस कोरडं असेल तर ओल शोषतं. पेंढा लवकर कुजतो.

उन्हाळा: खरा जीवघेणा ऋतू

टेक्सस, ॲरिझोना आणि आखातातल्या वाचकांसाठी प्रश्न उलटा आहे. कोंबडीला घाम येत नाही. पारा ३० अंशांच्या वर गेला की ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासातून पाणी उडवून अंग थंड ठेवते. पण धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइडही निघून जातो. अंड्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, आणि त्यातल्या कार्बोनेटचा कच्चा माल रक्तातूनच येतो. तो कमी पडला की कवच पातळ होतं. उन्हाळ्यात अंडी पिचकी येतात त्यामागे हे कारण असतं, दरवेळी कॅल्शियमच कमी पडलेलं नसतं.

उपाय साधे आहेत: दुपारी दाट सावली, थंड पाणी आणि वारा. खुराड्याची एक अख्खी बाजू नुसती जाळीची ठेवली तरी चालते. ससे पाळणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. सशाला थंडी सोसते, पण उकाड्याने तो पटकन दगावतो.

रात्रीचे पाहुणे

षटकोनी भोकांची 'चिकन वायर' कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा किंवा रॅकून ती फाडतो. भोकं मोठी असली की रॅकून हात घालून कोंबडी ओढतो, आणि मुंगसाच्या चणीचा वीझल इंचभर भोकातूनही आत शिरतो. घ्यायची ती अर्ध्या इंची भोकांची, सांधे जोडलेली, जस्त चढवलेली जाळी. अमेरिकेत ती 'हार्डवेअर क्लॉथ' म्हणून मिळते. नुसत्या स्टेपलवर विसंबू नका, स्क्रू आणि वॉशर लावून आवळा. झरोक्यांनाही हीच जाळी हवी.

खणून येणारे प्राणी बहुधा भिंतीच्या पायाशीच उकरतात. म्हणून जाळीची दीड-दोन फुटांची पट्टी जमिनीवर बाहेरच्या बाजूला आडवी पसरून मातीने झाकावी. कोल्हा भिंतीशी उकरतो, जाळी लागते आणि मागे सरकून खणायचं त्याला सहसा सुचत नाही.

रॅकूनच्या पंजाची स्पर्शसंवेदना फार तीक्ष्ण असते. साधी आडवी कडी तो उघडतो. दोन वेगवेगळ्या हालचाली लागतील अशी कडी किंवा स्प्रिंगचा हुक लावा.

ब्रिटनमध्ये रॅकून नाही, पण कोल्हा शहरांतही फिरतो. एक कोंबडी न्यायला आलेला कोल्हा सगळ्याच का मारतो? हान्स क्रूक यांनी १९७२ मध्ये याचं उत्तर मांडलं. निसर्गात भक्ष्य पळून जातं आणि शिकार आपोआप थांबते. बंदिस्त जागेत भक्ष्याला पळता येत नाही, त्यामुळे मारण्याची प्रेरणा पुन्हा पुन्हा चाळवत राहते. म्हणूनच आत शिरायची एकच वाट राहिली तरी एका रात्रीत सगळं खुराडं रिकामं होऊ शकतं.

कोंबडीला अंधुक प्रकाशात फार कमी दिसतं, त्यामुळे ती तिन्हीसांजेला स्वतःहून घरात शिरते. आपण फक्त दार वेळेवर लावायचं. कामावरून यायला उशीर होत असेल तर प्रकाशावर चालणारं आपोआप बंद होणारं दार घ्या. त्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

जंगली पक्षी आणि आपली माणसं

आता राहिला न दिसणारा शिकारी. एच५एन१ बर्ड फ्लू २०२२ पासून अमेरिकेत पसरला आहे, आणि जंगली बदकं-हंसांच्या विष्ठेतून तो परसात पोहोचू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये लुइझियानात या आजाराने एक माणूस दगावला. त्याचा संपर्क परसातल्या कोंबड्यांशी आणि जंगली पक्ष्यांशी आला होता. म्हणून फिरायच्या जागेवर पक्कं छप्पर घाला, दाणा-पाणी आतच ठेवा आणि खुराड्यासाठी वेगळी चप्पल ठेवा. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर उघड्या हातांनी उचलू नका, सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा.

धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही सॅल्मोनेला असू शकतो. हात लावल्यावर साबणाने हात धुवा, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात पिल्लं देऊ नका.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी दोन नियम. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एकच कोंबडी असली तरी नोंदणी सक्तीची आहे. आणि स्वयंपाकघरातून गेलेलं अन्न कोंबड्यांना घालणं तिथे बेकायदा आहे. अपवाद फक्त संपूर्ण व्हीगन स्वयंपाकघराचा. उरलेल्या पोळीचा तुकडा टाकण्याची आपली सवय तिथे सोडावी लागते.

थोडक्यात

आधी नगरपालिकेचे नियम पाहा, बऱ्याच ठिकाणी कोंबडा चालत नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि त्याचं आरवणं शेजाऱ्यांपर्यंत पोहोचायचंही राहत नाही! कोंबड्या मात्र कोंबड्याविनाही अंडी घालतात. मग आत एकीला किमान ४ चौरस फूट आणि बाहेर १० चौरस फूट जागा, चार-पाच जणींत एक पेटी, डोक्यावर झरोके, सगळीकडे अर्ध्या इंची जाळी आणि पक्की कडी एवढं करा. पैसे मोजकेच असतील तर ते रंगावर किंवा हीटरवर नको, जाळीवर आणि कडीवर घाला.