जनुकांची मोजणी आणि अल्झायमरचे औषध

अल्झायमरच्या विकारात माणसाची स्मरणशक्ती हळूहळू नाहीशी होते. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. हा विकार पूर्ण बरा करणारे औषध अद्याप सापडलेले नाही. औषध शोधताना ते शरीरातील कोणत्या रेणूवर काम करील, हे आधी ठरवावे लागते. अशा रेणूला औषधाचे लक्ष्य म्हणतात.

माणसात प्रथिने बनविणारी सुमारे 20,000 जनुके असतात. बहुतेक सर्व पेशींत ती सारखीच असतात. परंतु प्रत्येक पेशीत त्यांपैकी काहीच कामाला लागलेली असतात. काम करणाऱ्या जनुकाच्या आर.एन.ए. प्रती तयार होतात. त्या मोजल्या की जनुक किती कार्यरत आहे ते कळते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंत ही मोजणी करून रुग्ण व निरोगी व्यक्तींची तुलना करतात.

मग जेथे फरक दिसेल तेच लक्ष्य का? थोडे गणित करू. समजा, निरोगी मेंदूच्या 100 पेशींत 60 चेतापेशी आहेत आणि प्रत्येकीत ‘क’ जनुकाच्या 10 प्रती आहेत. इतर पेशींत त्या मुळीच नाहीत. एकूण प्रती 600. रोगात चेतापेशी मरतात; म्हणून रुग्णाच्या 100 पेशींत त्या 36 च उरल्या. एकूण प्रती 360. घट 40 टक्के! परंतु उरलेल्या एकाही चेतापेशीत ‘क’ मंदावलेले नाही.

म्हणून पेशी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. 2019 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी 48 व्यक्तींच्या मेंदूंतील 80,660 पेशीकेंद्रकांची अशी मोजणी प्रसिद्ध केली.

तरीही दिसलेला फरक रोगाचे कारण की परिणाम, हा प्रश्न उरतो. येथे आनुवंशिकता उपयोगी पडते, कारण जन्मजात बदल रोगाच्या आधीचा असतो. ट्रेम-2 जनुकाच्या एका विशिष्ट रूपाने या विकाराचा धोका वाढतो, असे 2013 मध्ये आढळले. मेंदूची साफसफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींत हे जनुक कार्यरत असते. मात्र त्याच्या प्रथिनाला चालना देणाऱ्या एका औषधाने रोगाची गती कमी झाली नाही, असे 2024 मध्ये जाहीर झाले. आकडे दिशा दाखवितात. अंतिम निर्णय रुग्णांवरील चाचणीच देते.

आता तुम्ही करून पाहा: उरलेल्या 36 चेतापेशींत ‘क’च्या प्रत्येकी 15 प्रती असतील, तर एकूण किती? केवळ त्या बेरजेवरून कोणता चुकीचा निष्कर्ष निघेल?