ई-बुक विकत घेतलं, मग ते पुन्हा विकता येतं का?

"९९ रुपयांत हजार ई-बुक्स, विका आणि कमवा" असे मेसेज तुम्हालाही येतात ना? जरा थांबा.

छापील पुस्तक वाचून झालं की खुशाल विका. ई-बुकचं तसं नाही. तिथे पैसे भरून बहुधा फक्त वाचायची परवानगी मिळते. फाइल पाठवली की नवी प्रत तयार होते, आणि तो हक्क लेखक-प्रकाशकाचा.

धंदा करायचाच आहे? मग:

१. समोरच्याकडे मुळात हक्क आहेत का, ते कागदावर बघा.

२. लेखी करार करा, हक्कमालकाची सही घ्या.

३. मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. नाही लिहिलं, तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे ५ वर्षं आणि फक्त भारत धरतात.

नुसता 'रीसेल राइट्स'चा मेसेज म्हणजे करार नव्हे. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आधी कागद, मग दुकान!