जुनी लेन्स घेताय? ठराव करण्याआधी फोकस तपासा



लोणची-पापडांचे फोटो काढायला, बारसं-डोहाळजेवणाच्या ऑर्डरी घ्यायला गटासाठी जुना डीएसएलआर कॅमेरा परवडतो. पण कर्ज काढून घेतलेली लेन्स धूसर फोटो देऊ लागली, तरी हप्ता थांबत नाही. म्हणून दोष लेन्सचा, कॅमेऱ्याचा की आपल्या वापराचा, हे आधी ओळखू या.

सोप्या गोष्टी आधी बघा
- लेन्सवरचं बटण ‘एएफ’वर आहे ना? ‘एमएफ’वर असेल तर फोकस हातानेच करावा लागतो.
- वस्तू फार जवळ नाही ना? कॅननची 50 एमएम 1.8 एसटीएम लेन्स 35 सेंटीमीटरच्या आत फोकस करत नाही.
- कॅमेरा बंद करून लेन्स काढा. तिच्या मागचे सोनेरी ठिपके कोरड्या, मऊ कापडाने पुसा. पाणी लावू नका. लेन्स ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा.
- निकॉनच्या डी3500, डी5600 कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यावर जुनी ‘एएफ-डी’ लेन्स आपोआप फोकस करत नाही. तो बिघाड नव्हे, जोडी चुकली.

मग बरण्यांची चाचणी करा
भरपूर उजेडात तीन बरण्या एकीमागे एक, थोड्या तिरक्या ठेवा. कॅमेरा स्टुलावर ठेवा, हातात नको. ‘एफ’चा आकडा सर्वांत लहान करा. मधल्या बरणीच्या लेबलवर फोकस धरून टायमरने फोटो काढा. एकदा डोळा लावून, एकदा मागच्या पडद्यावर बघून. फोटो मोठा करून तपासा.

- पडद्यावरून काढलेला स्पष्ट, पण डोळा लावून काढलेल्यात पुढची किंवा मागचीच बरणी स्पष्ट: लेन्स फेकू नका. कॅमेरा आणि लेन्सचा मेळ बसवावा लागेल. काही कॅमेऱ्यांत ती सोय मेनूमध्येच असते. नसेल तर कारागिराकडे न्या.
- हाताने फोकस करूनही एक बाजू धूसर: आतली काच सरकलेली असू शकते. अशी लेन्स घेऊ नका.
- फोटोतली वस्तू नाही, माणसंच पुसट: बहुतेक ती हलली. शटरचा वेग वाढवा.

शेवटी मोबाईलची बॅटरी लेन्समधून पाडा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी; सौदा सोडा.

विकणाऱ्याला सांगा, “दादा, आधी चाचणी, मग पैसे.” चाचणीचे फोटो बैठकीत सगळ्या जणींना दाखवा आणि मगच ठराव लिहा.