रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग दुखते

आपल्या वस्तीत अशी एखादी ताई किंवा मावशी असतेच. सकाळी उठल्यापासून मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या सगळे ठणकते. रात्रभर झोपूनही अंग मोडून आल्यासारखे वाटते. धुणीभांडी, मजुरी, घरचे काम मात्र सुटत नाही. दवाखान्यात जावे तर रक्त ठीक, एक्स-रे ठीक. डॉक्टर म्हणतात, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." घरचे म्हणतात, "कामाचा कंटाळा." शेजारीण म्हणते, "बाहेरचं असेल, कुठंतरी दाखवून घे." शेवटी मेडिकलमधून दुखण्याची गोळी येते आणि ती रोजची होऊन बसते.

या दुखण्याला वैद्यकात नाव आहे : फायब्रोमायल्जिया. शंभर माणसांत साधारण दोन ते चार जणांना ते असते आणि त्यांत बायकांचे प्रमाण जास्त असते. ते रक्ताच्या रिपोर्टात किंवा एक्स-रेत दिसत नाही. म्हणून ते खोटे ठरत नाही. या दुखण्यावर अमेरिकेत संमोहन आणि मेंदूवरचे चुंबकीय स्पंद एकत्र वापरून एक प्रयोग झाला. त्यातून काय कळले आणि आपल्या घरी त्याचा काय उपयोग, ते या वेळी पाहू.

दुखणे कोठे तयार होते?

बोटाला चटका बसला की नसांतून संदेश पाठीच्या कण्यामार्गे मेंदूत जातो. पण "दुखते" ही जाणीव मेंदूतच तयार होते. संदेश किती मोठा ऐकायचा हेही मेंदू ठरवतो. फायब्रोमायल्जियात नेमकी इथेच गडबड होते. लाऊडस्पीकरचा आवाज कोणीतरी वाढवून ठेवावा, तसा साधा दाब, साधा थकवासुद्धा मेंदूला मोठ्या दुखण्यासारखा ऐकू येतो. स्नायू तपासून काही सापडत नाही, कारण बिघाड स्नायूत नसून आवाजाच्या बटणात असतो.

म्हणून "सगळं मनाचं आहे" हे बोलणे चूक आहे. दुखणे मेंदूत तयार होते आणि मेंदू हा शरीराचाच अवयव आहे.

संमोहन म्हणजे काय, काय नाही

संमोहन म्हटले की स्टेजवरचा जादूगार आठवतो, नाहीतर वशीकरण. खरे संमोहन याहून साधे असते. माणूस जागाच असतो. त्याचे लक्ष एका गोष्टीवर इतके लागते की आजूबाजूचे मागे पडते. त्या अवस्थेत दिलेली सूचना मेंदू एरवीपेक्षा जास्त मानतो. कोणी आपल्या अंगात शिरत नाही आणि आपल्यावरचा ताबाही आपण घालवत नाही.

याचा एक जुना धागा आपल्या देशात सापडतो. १८४५ साली बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश सर्जनने याच जातीची जुनी पद्धत वापरून मोठमोठ्या गाठी कापल्या. त्या वेळी भुलीचे औषध इथे आलेले नव्हते.

आजचे पुरावे अधिक पक्के आहेत. १९९७ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात पिएर रेनव्हिल यांनी संमोहित माणसांचे हात खूप गरम पाण्यात ठेवून मेंदूची चित्रे घेतली. "याचा त्रास कमी वाटेल" अशी सूचना दिल्यावर त्रास खरोखर कमी जाणवला, आणि मेंदूच्या ज्या भागात त्रासाची जाणीव होते, त्या भागाचे कामही बदललेले दिसले. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी २०० बायकांवर अभ्यास झाला. ज्यांना आधी १५ मिनिटे संमोहन दिले, त्यांना भुलीचे औषध कमी लागले, आणि नंतर वेदना व मळमळही कमी झाली.

अडचण एवढीच की संमोहन सर्वांना सारखे लागत नाही. काहींना पटकन लागते, काहींना जवळजवळ लागतच नाही. हा गुण सहसा बदलतही नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात काही विद्यार्थ्यांची २५ वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा त्यांची संमोहनक्षमता बरीचशी पूर्वीसारखीच निघाली. मग ज्यांना संमोहन लागत नाही, त्यांनी काय करायचे? पुढचा प्रयोग या प्रश्नातून निघाला.

चुंबकीय स्पंद म्हणजे शॉक नव्हे

१९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून चुंबकाच्या स्पंदाने मेंदूचा भाग चेतवून दाखवला. चिरफाड नाही, सुई नाही, भूल नाही. माणूस खुर्चीत जागा बसलेला असतो, टकटक आवाज येतो, डोक्याला टिचकी मारल्यासारखे वाटते. भूल देऊन आकडी आणणारी शॉक ट्रीटमेंट वेगळी आणि हे वेगळे. नैराश्यासाठी हे यंत्र आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत वापरले जाते. मात्र डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात बसवलेले यंत्र असेल तर ते चालत नाही. फिट येण्याचा आजार किंवा पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आधी सांगावेच लागते.

प्रयोगात काय झाले

स्टॅनफर्डमधील अफिक फेअरमन, डेव्हिड स्पीगल, नोलन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायब्रोमायल्जियाचे ८० रुग्ण घेतले. ज्यांना आधीच फार सहज संमोहन लागते, अशांना घेतले नाही. कपाळाच्या मागे डाव्या बाजूला मेंदूचा एक भाग आहे. ज्यांना संमोहन चांगले लागते त्यांच्यात हा भाग आणि त्रास जाणवणारा भाग यांचा ताळमेळ जास्त असतो, हे २०१२ साली दिसले होते. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढून ती जागा नेमकी शोधली.

अर्ध्या रुग्णांना त्या जागी ४६ सेकंदांचे दोन डोस दिले. उरलेल्या अर्ध्यांना यंत्र तसेच लावले, पण परिणामकारक स्पंद मेंदूला पोहोचू दिले नाहीत. आपल्याला खरे मिळाले की नकली, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. नुसत्या आशेने झालेला फरक वेगळा काढता यावा म्हणून असे करतात.

खरे स्पंद मिळालेल्यांची संमोहनक्षमता १० गुणांच्या मापावर साधारण १ गुणाने वाढली. नकलीवाल्यांची वाढली नाही. तासाभराने पुन्हा मोजले तेव्हा वाढ ओसरलेली होती. हा अभ्यास जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ नीट लावू

या प्रयोगाने दुखणे बरे झाले असे नाही. जो गुण बदलत नाही असे समजत होतो, तो थोडा वेळ वाढवता येतो, एवढे दिसले. तेवढ्या वेळात संमोहन दिले तर वेदना अधिक कमी होईल का, हे पुढच्या अभ्यासांनी दाखवायचे आहे. म्हणून उद्या कोणी "मशीन आणि हिप्नोसिसने दुखणे कायमचे बंद" असे पॅकेज विकायला आला, तर दागिना गहाण टाकू नका. आणि भूत काढतो म्हणून कोणी मारहाण केली, तर २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. पोलिसांत जा.

आज आपल्या हातात काय आहे

१. आधी तपासणी. रक्त कमी असणे, थायरॉईड, ड जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही अंग दुखते. सरकारी रुग्णालयात हे तपासून घ्या आणि "फायब्रोमायल्जिया असू शकतो का?" असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्यावर वेगळी औषधे आहेत, ती डॉक्टरच ठरवतील.

२. रोजची दुखण्याची गोळी थांबवा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांचा या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही. बरेच दिवस घेतल्या तर जठराला आणि किडनीला इजा होते. बीपी किंवा शुगर असेल तर धोका आणखी.

३. थोडे थोडे चाला. रोज १० मिनिटांपासून सुरुवात करा, आठवड्याने थोडे वाढवा. या दुखण्यावर व्यायामाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. घरकामाने अंग थकते, पण तो व्यायाम नव्हे.

४. स्वतःला सूचना द्यायला शिका. याला पैसा लागत नाही. गॅस बंद करून निवांत बसा. डोळे वर नेऊन हळूच मिटा. एक लांब श्वास घ्या आणि सावकाश सोडा. अंग पाण्यावर तरंगते आहे अशी कल्पना करा. मग जिथे दुखते तिथे कोमट पाणी ओतले जाते आहे किंवा बर्फाने ती जागा बधिर होते आहे, यांपैकी जे बरे वाटेल ते मनात धरा. १० मिनिटे, दिवसातून दोनदा. सर्वांना सारखा गुण येणार नाही, पण सवयीने जमत जाते. भास होण्याचा मानसिक आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

५. सूचना देऊन दुखणे दाबू नये अशाही वेळा असतात. छातीत दुखणे, अचानक भयंकर डोकेदुखी, ताप, वजन घटणे, हातापायातली ताकद जाणे : असे काही झाले तर थेट रुग्णालयात.

६. रोजच्या दुखण्याने जीव नकोसा झाला, तर १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन करा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो.

आणि घरच्या माणसांसाठी एकच औषध सांगतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तिला खोटे ठरवू नका. तिच्या हातातली जड बादली उचला, संध्याकाळी चालायला तिच्यासोबत जा आणि पुढच्या वेळी दवाखान्यात तिच्याबरोबर तुम्हीही डॉक्टरांसमोर बसा. एकटी बाई "अंग दुखतं" म्हणते तेव्हा ते पुष्कळदा कोणी ऐकून घेत नाही. सोबत कोणी असले, तर तिचे म्हणणे कागदावर लिहिले जाते.