दारू नाही, तरी लिव्हर का बिघडते?

बोकडाची कलेजी आपण पाहिली आहे. तसलीच कलेजी माणसाच्या पोटातही असते. ती उजव्या अंगाला, बरगड्यांच्या आड असते. पुस्तकात तिला यकृत म्हणतात, दवाखान्यात लिव्हर म्हणतात. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो भरते.

यकृत म्हणजे शरीराची कोठी. अन्नातली साखर ते साठवते आणि लागेल तशी रक्ताला देते. पण रोज गरजेहून जास्त आले तर त्याची चरबी होते. ती यकृतातच साठते. यालाच फॅटी लिव्हर म्हणतात. सुरुवातीला बहुधा काही दुखत नाही. सोनोग्राफी केली की कळते. पुढे काहींच्या यकृताला सूज येते. मग ते कडक होत जाते आणि काम सोडते.

लिव्हर बिघडले म्हटले की लोक लगेच बोलतात, "घेत असणार!" माळकरी माणसालाही हे ऐकावे लागते. मग माणूस लाजेने रिपोर्ट दडवतो आणि उपचार राहून जातात. दारूने यकृत बिघडते, हे खरेच. पण दारूचा थेंब न घेणाऱ्यालाही हा रोग होतो.

कोणी म्हणेल, "मी किडकिडीत. मला कसली चरबी?" पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचाच दाखला छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. पण युडकिनांच्या अंगात चरबी शेकडा ९ निघाली, तर याज्ञिकांच्या अंगात शेकडा २१! म्हणजे वरून बारीक दिसणाऱ्याच्या आतही चरबी असू शकते.

पश्चिम बंगालच्या खेड्यांत डॉक्टरांनी १९०० हून जास्त माणसे तपासली. निकाल २०१० साली छापला. शंभरांत जवळजवळ नऊ जणांना हा रोग होता. त्या रोग्यांपैकी चारांत तिघांचे वजन जास्त नव्हते.

मग उपाय काय? क्यूबा देशात यकृताला सूज असलेल्या २९३ रोग्यांनी वर्षभर खाणे आवरले आणि चालणे वाढवले. निकाल २०१५ साली छापला. ज्यांनी वजनाचा दहावा हिस्सा उतरवला, त्यांच्यातल्या दहांपैकी नऊ जणांची सूज गेली. पण उपाशी राहू नये. वजन हळूहळू, डॉक्टरांना विचारून उतरवावे. मुळात बारीक असलेल्याने तर आधीच विचारावे.

आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात पूर्वी भातशेती होती, मिठागरे होती. अंग घामाने भिजत असे. आता कंपनीत उभे राहायचे, नाहीतर रिक्षात बसायचे. त्यात दिवसाला पाच गोड चहा, वडापाव आणि थंड पेयाची बाटली! साखर कमी करा. भाजी, डाळ, उसळ वाढवा. आपले दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाले. तिथवर पायी जायला पैसा पडत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. या रोगावर नवी औषधे शोधणे चालू आहे. औषध आधी काही माणसांना देऊन पाहतात. उद्या तुम्हालाही कोणी विचारील. नाही म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. हो म्हणायचे असेल, तर आधी संमतिपत्र मराठीत मागा. औषध कोणते, किती दिवस, त्रास काय होऊ शकतो, हे वाचा. २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे समजावून सांगितल्याशिवाय संमती घेता येत नाही. वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो. चाचणी मध्येच सोडता येते. चाचणीमुळे इजा झाली, तर उपचार फुकट मिळाले पाहिजेत.

आम्ही वर्गात नेहमी सांगतो, सही करता येणे ही अर्धी विद्या. सहीच्या वरचे वाचता येणे ही पुरी विद्या.

प्रश्न
१. दारू न पिणाऱ्याचे यकृत कशाने बिघडते?
२. बारीक माणसालाही तपासणी का लागू शकते?
३. संमतिपत्रावर सही करण्याआधी काय काय वाचाल?